बिनभाड्याचें घर : स्वतःचें संकेतस्थळ विनामूल्य कसें प्रसिद्ध करावें

‘घर पहावें बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. जागा, दगड, चुना, गवंडी आणि शेवटपर्यंत न संपणारा खर्च यांचा अनुभव पदरीं पडल्यावरच ती कोणाच्या तरी तोंडून निघाली असावी. परंतु विद्यार्थिमित्रहो, आज एक घर असें आहे कीं, त्यास जागेचें मोल पडत नाहीं, गवंडी लागत नाहीं आणि भाडेंहि द्यावें लागत नाहीं. तें घर म्हणजे इंटरनेटवरील आपलें स्वतःचें संकेतस्थळ. शाळेंतील हस्तलिखित मासिकाची एकच प्रत असे. ती एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जाई आणि सुटी लागली कीं कपाटांत बंद होई. संकेतस्थळावर लिहिलेलें पान मात्र रत्नागिरींतील आजोबांस, पुण्यांतील मावशीस आणि परदेशीं गेलेल्या थोरल्या भावास एकाच वेळीं वाचतां येतें. असें घर फुकट कां मिळतें, तें कसें उभारावें आणि त्यांत राहतांना कोणती सावधगिरी बाळगावी, या तीन गोष्टी येथें क्रमानें सांगण्याचा विचार आहे. त्यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची असून ती मला स्वतःच्या नुकसानींतून शिकावी लागली, हें आरंभींच कबूल करणें बरें.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय तें पाहूं. मूळांत तें फाइलींचें एक दप्तर असतें. रात्रंदिवस चालू असलेल्या एखाद्या संगणकावर हें दप्तर ठेविलेलें असतें आणि त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. वाचकानें आपल्या मोबाइलवर पत्ता लिहिला कीं, ती मागणी सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर मागितलेल्या फाइलीची नक्कल पाठवून देतो. वाचनालयाच्या खिडकींतून ग्रंथपालानें पुस्तक द्यावें तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें मूळ पुस्तक कपाटांतच राहतें आणि प्रत्येक वाचकास नवी प्रत मिळते. होस्टिंग ज्यास म्हणतात तें म्हणजे या कपाटांतील जागा आणि या ग्रंथपालाची मेहनत. भाडें द्यावयाचें तें या दोहोंबद्दल.

मग असला संगणक आपल्या घरींच कां ठेवूं नये, असा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील. ठेवितां येतो, आरंभ तसाच झाला. वर्ल्ड वाइड वेबची योजना टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं मांडली. ते त्या वेळीं स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाजवळच्या सर्न या पदार्थविज्ञानाच्या संशोधनसंस्थेंत काम करीत होते. पहिलें संकेतस्थळ ज्या संगणकावर होतें त्यावर, हें यंत्र सर्व्हर असल्यामुळें कोणीं बंद करूं नये, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनीं लाल शाईनें लिहून चिकटविली होती. त्या चिठ्ठींतच सारी अडचण सांगितलेली आहे. आपल्या घरीं वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीनें घरास दिलेला अंकी पत्ताहि पुष्कळदां बदलतो. यास्तव आपलें दप्तर दुसऱ्या कोणाच्या तरी, सतत जाग्या असणाऱ्या सर्व्हरवर ठेवणें सोयीचें पडतें.

दुसऱ्याची जागा फुकट कां मिळावी? याचीं कारणें दोन. एक असें कीं, वेबची विद्या कोणाच्या मालकीची नाहीं. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती सर्व जगास विनामूल्य खुली केली. त्यामुळें पान लिहिण्याच्या भाषेबद्दल, अथवा तें पाठविण्याच्या पद्धतीबद्दल, कोणासहि एक पैसा द्यावा लागत नाहीं. दुसरें कारण हिशेबाचें आहे. संकेतस्थळें दोन प्रकारचीं असतात. आगगाडीचें तिकीट काढण्याचें अथवा बँकेच्या व्यवहाराचें संकेतस्थळ प्रत्येक वाचकासाठीं नवें पान तयार करितें; त्यास सर्व्हरला पुष्कळ काम पडतें. परंतु निबंध, कविता, प्रवासवर्णन, गांवची माहिती असें जें पान एकदां लिहिलें कीं सर्वांस सारखेंच दिसतें, तें स्थिर पान होय. त्याची नक्कल पाठविण्यास खर्च अतिशय थोडा येतो.

किती थोडा, तें मोजूनच पाहूं. देवनागरींतील एकेक अक्षरचिन्ह साठविण्यास संगणकास ३ बाइट लागतात. दोन हजार शब्दांचा मराठी निबंध, त्यांतील खुणा धरून, सुमारें ४० किलोबाइट भरतो. कित्येक कंपन्या १ गिगाबाइट जागा विनामूल्य देतात. म्हणजे असे सुमारें २५,००० निबंध तींत मावतील. महिन्यास १०० गिगाबाइट नकला पाठविण्याची मुभा असेल, तर तो निबंध महिन्यांत २५ लक्ष वेळां वाचला गेला तरी मर्यादा ओलांडली जाणार नाहीं. इतका वाचकवर्ग आपल्यापैकीं कोणास लाभल्यास भाड्याची चिंता न करितां पेढे वाटावे! उलट मोबाइलनें काढलेलें एक छायाचित्र कित्येकदां ४ मेगाबाइटचें असतें. म्हणजे एका चित्रानें शंभर निबंधांची जागा अडते. म्हणून चित्र लहान करून, दोन-तीनशें किलोबाइटचें करून मगच पानावर लावावें. जागा वांचते, आणि खेड्यांतील मंद इंटरनेटवर वाचणारास पानाची वाट पहावी लागत नाहीं.

तथापि कंपन्या केवळ धर्मार्थ जागा देतात असें समजूं नये. कोणी आपल्या पानावर जाहिराती लावितात. वर्डप्रेस डॉट कॉमच्या विनामूल्य पानांवर त्या दिसतात. कोणास असें वाटतें कीं, आज फुकट शिकलेला विद्यार्थी उद्यां नोकरीस लागल्यावर आमचीच पैसे देऊन घ्यावयाची सेवा घेईल. यांत लबाडी आहे असें नाहीं. परंतु यजमानाचा हेतु काय आहे, हें पाहुण्यानें ओळखून असावें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. साधनें अनेक आहेत, पण एकच नीट समजून घेतलेलें बरें. म्हणून गिटहब पेजेस ही सेवा उदाहरणादाखल घेतों. गिटहब हें मुळांत संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्यांचें कोठार. २००८ सालापासून तेथें स्थिर संकेतस्थळ विनामूल्य ठेवितां येतें. २०१८ सालीं ही संस्था मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विकत घेतली. संकेतस्थळ १ गिगाबाइटपेक्षां मोठें नसावें आणि तेथें दुकानदारी करूं नये, हे तिचे मुख्य नियम.

प्रथम पान लिहावें. त्यासाठीं कोणताहि महाग कार्यक्रम नको. संगणकांतील साधें नोटपॅड पुरतें. पानाच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात, आणि ती दिसते तितकी अवघड नाहीं. मजकुराच्या मागेंपुढें टोंकदार कंसांत लहान खुणा लिहावयाच्या, इतकेंच. शीर्षकास एच-वन, परिच्छेदास पी, दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्यास ए, आणि चित्रास आयएमजी, या चार खुणा रोमन लिपींत लिहितां आल्या कीं पहिलें पान उभें राहतें. मराठी लिहिणारानें आणखी दोन गोष्टी विसरूं नयेत. पानाच्या माथ्यावर अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचें, आणि भाषा मराठी असल्याचें नोंदवावें. पहिली नोंद नसेल तर देवनागरीच्या जागीं कित्येकदां निरर्थक चिन्हांची रांग दिसते. दुसरी नोंद असली म्हणजे अंध वाचकास पान वाचून दाखविणारें यंत्र मराठी उच्चार निवडूं शकतें. शिवाय मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. छापखान्यांतून चालत आलेल्या जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर, तोच फाँट ज्याच्यापाशीं नाहीं, त्यास वाचतां येत नाहीं. आणि त्यांतील शब्द शोधूनहि सांपडत नाहींत.

ही फाइल ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ या नांवानें, रोमन लिपींतील लहान अक्षरांत, साठवावी; कारण संकेतस्थळाचें दार उघडतांच सर्व्हर प्रथम याच नांवाची फाइल शोधतो. नंतर गिटहबवर खातें उघडावें. वापरावयाचें नांव निवडतांना घाई करूं नये, कारण तेंच आपल्या पत्त्यांत येतें. त्यांत जन्मसाल अथवा शाळेचें नांव घालूं नये. खातें उघडल्यावर एक नवें कोठार, त्यांच्या भाषेंत रिपॉझिटरी, तयार करावें. त्याचें नांव आपलें वापरनाम आणि त्यापुढें ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ असें द्यावें, व तें सार्वजनिक ठेवावें. मग फाइल चढविण्याचें बटण दाबून आपलें पान तेथें ठेवावें आणि ‘कमिट’ करावें, म्हणजे नोंद पक्की करावी. कांहीं मिनिटांनीं तोच पत्ता ब्राउझरमध्यें लिहिल्यास आपलें पान जगास दिसूं लागतें. न दिसल्यास सेटिंग्जमधील पेजेस या सदरांत जाऊन कोठाराची मुख्य शाखा निवडलेली आहे कीं नाहीं, तें पहावें. ज्याच्या घरीं संगणक नाहीं, त्यास मोबाइलच्या ब्राउझरमध्येंहि नवी फाइल लिहितां व सुधारितां येते. बोटांस थोडा त्रास पडतो, एवढेंच.

गिटहब ज्यास क्लिष्ट वाटेल, त्यानें २०१३ सालीं निघालेलें निओसिटीज पहावें. तेथेंहि १ गिगाबाइट जागा मिळते, पान ब्राउझरमध्येंच लिहितां येतें आणि जाहिराती नसतात. एचटीएमएल मुळींच नको असेल, तर गूगल साइट्सवर चित्रें व मजकूर ओढून पान मांडतां येतें. यांपैकीं कोणतेंहि घर निवडलें तरी पुढील गोष्ट सर्वांस लागू आहे.

ती गोष्ट अशी. १९९४ सालीं अमेरिकेंत जिओसिटीज नांवाची सेवा निघाली. सामान्य माणसांस फुकट जागा द्यावयाची, आणि विषयांप्रमाणें तिचे मोहल्ले पाडावयाचे, अशी तिची रचना होती. लाखों लोकांनीं तेथें आपलीं पहिलीं पानें लिहिलीं. कोणी पाळीव मांजराविषयीं, कोणी आपल्या आजाराविषयीं, कोणी युद्धांतून परत न आलेल्या भावाविषयीं. १९९९ सालीं याहू कंपनीनें ती विकत घेतली, आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं बंद केली. जपानांतील शाखा तेवढी २०१९ सालच्या मार्चअखेरपर्यंत चालली. इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था आणि कांहीं स्वयंसेवक यांनीं धांवपळ करून पुष्कळ पानांच्या नकला वांचविल्या. परंतु सर्व पानें वांचलीं नाहींत. त्यानंतरहि असेंच होत आलें आहे. ग्लिच या नांवाच्या, विद्यार्थ्यांच्या आवडत्या सेवेनें ८ जुलै २०२५ रोजीं लोकांचीं पानें ठेवणें बंद केलें. टोकेलाऊ या पॅसिफिक महासागरांतील चिमुकल्या बेटांच्या नांवाचे ‘डॉट टीके’ पत्ते कित्येक वर्षें फुकट वांटले जात होते. वांटणाऱ्या कंपनीनें २०२३ सालीं नवी नोंदणी थांबविली, आणि पुढील वर्षीं तो धंदाच सोडून दिला.

आतां माझी हकीकत. माझे एक काका कोंकणांतील एका खेड्यांत शिक्षक होते. अंगणांत पर्जन्यमापक ठेवून ते रोज सकाळीं साडेआठ वाजतां पावसाचें माप वहींत टिपीत. ताप असला तरी छत्री घेऊन बाहेर जात, आणि काकू रागावल्या तर म्हणत, “पाऊस माझ्यासाठीं थांबत नाहीं, मग मी त्याच्यासाठीं कां थांबावें?” अशा सतरा वर्षांच्या वह्या त्यांच्या पश्चात् माझ्याकडे आल्या. एका उन्हाळ्याच्या सुटींत मी ते सर्व आंकडे एका विनामूल्य संकेतस्थळावर, तेथल्याच चौकटींत, एकेक करून भरले. गांवचे लोक तें पान पाहून हरखून गेले. पुढें बिऱ्हाड बदलतांना, सर्व कांहीं संकेतस्थळावर आहेच, अशा समजुतीनें त्या वाळवी लागलेल्या वह्या मी रद्दींत दिल्या. दोन वर्षांनीं ती सेवा बंद झाली. बंद होण्यापूर्वीं त्यांनीं ईमेलनें सूचना धाडली होती. पण ती ज्या पत्त्यावर आली तो मी उघडीतच नव्हतों. शाळेच्या प्रदर्शनासाठीं एकदां तीन वर्षांचे आंकडे कागदावर छापले होते, तेवढा कागद आज शिल्लक आहे. चौदा वर्षांचा पाऊस कायमचा गेला. यांत कंपनीनें मला फसविलें असें म्हणतां येत नाहीं. ओसरी तिची होती. तिनें ती आवरून घेतली. आपलें गांठोडें तेथें एकटें टाकून निघून जाणारा मीच चुकलों. काकांनीं भर पावसांत उभें राहून जें जपलें, तें मला कोरड्या घरांत बसून जपतां आलें नाहीं, याची खंत अद्याप जात नाहीं.

तेव्हां बिनभाड्याच्या घरांत राहणारानें कांहीं नियम पाळावे. मूळ फाइली नेहमीं आपल्यापाशीं असाव्या. पान आधीं स्वतःच्या संगणकावर लिहावें आणि मग वर चढवावें. कंपनीच्या चौकटींत लिहून तेथेंच सोडूं नये. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या कोणा आप्ताकडे ठेवावी, आणि महत्त्वाचा मजकूर कागदावर छापून घ्यावा. जी सेवा आपलें लेखन एकगठ्ठा परत नेऊं देत नाहीं, तिच्या दारांत पाऊल टाकूं नये. स्थिर पानांचा मोठा गुण हाच कीं, तीं जशींच्या तशीं उचलून अर्ध्या तासांत दुसऱ्या सर्व्हरवर नेतां येतात. खातें ज्या ईमेलवर उघडलें असेल तो पत्ता नियमितपणें पहावा. आणखी, इंटरनेट आर्काइव्हच्या संग्रहांत आपल्या पानाचा पत्ता देऊन त्याची नक्कल ठेवण्याची विनंति कोणासहि विनामूल्य करितां येते. ती वर्षांतून एकदां तरी करावी.

पैसे द्यावयाचेच झाले, तर ते जागेपेक्षां नांवासाठीं द्यावे. ‘डॉट इन’चा स्वतःचा पत्ता वर्षाच्या वर्गणीनें मिळतो, आणि २०१४ सालापासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ताहि मिळूं लागला आहे. असा पत्ता गिटहबवरील विनामूल्य पानास जोडतां येतो. पुढें घर बदललें तरी पत्ता तोच राहतो, आणि वाचकांची चुकामूक होत नाहीं. परंतु हें नंतरचें काम. पहिल्या पानासाठीं त्याची मुळींच गरज नाहीं.

शेवटीं पालकांसाठीं दोन शब्द. संकेतस्थळ म्हणजे चव्हाट्यावरील फळा होय. मुलानें त्यावर घराचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, शाळेच्या गणवेषांतील छायाचित्र, अथवा रोज कोठें व कधीं जातो येतो याची माहिती लिहूं नये. भावंडांचें अथवा मित्राचें चित्र लावावयाचें तर त्यांस व त्यांच्या वडील माणसांस आधीं विचारावें. गिटहबसारख्या ठिकाणीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. तेथें प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. पानावरून खोडलेला मजकूर कोठाराच्या जुन्या नोंदींत तसाच राहतो, आणि शोधणारास तो सांपडतो. म्हणून चढविण्यापूर्वीं पान घरांतील वडील माणसास वाचून दाखवावें, हा नियम उत्तम. गिटहबवर तेरा वर्षांखालील मुलांस खातें उघडतां येत नाहीं. आपल्या देशाच्या २०२३ सालच्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या कायद्यांतहि अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक गणलें असून, त्याची माहिती घेण्यास पालकांची संमति आवश्यक मानलेली आहे. तेव्हां वय खोटें सांगून खातें उघडूं देऊं नये. लहान मुलाचें पान आई अथवा वडील यांनीं आपल्या खात्यावर ठेवावें. तसेंच, दुसऱ्याचें लेखन व चित्र उचलून आपल्या पानावर लावणें ही चोरीच होय. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर हक्क असतो, असा आपला १९५७ चा कायदा आहे.

इतकें वाचून एखाद्यास वाटेल कीं, फुकटच्या घरापायीं एवढी दगदग कशाला? त्यास माझें सांगणें असें कीं, दगदग थोडी आणि लाभ मोठा आहे. आपल्या गांवची विहीर कोणीं खणली, आजी दिवाळींत कडबोळीं कशी करी, शाळेच्या वाटेवरील वडाच्या झाडावर कोणते पक्षी येतात, हें लिहिण्यास कोणी मोठा ग्रंथकार येणार नाहीं. तें आपणच लिहिलें पाहिजे. पूर्वीं असें लेखन छापण्यास पैसा नव्हता म्हणून राहून गेलें. आज ती सबब उरलेली नाहीं. या सुटींत प्रत्येकानें असें एक पान लिहावें, वडिलांस दाखवावें, आणि चढवावें. आणि चढविल्यावर मूळ वही मात्र रद्दींत देऊं नये. घर दुसऱ्याचें असलें तरी चालेल. आंतील चीजवस्तु आपल्या हातीं असावी.